भगिनीगृहाकडून

शारोन, पेन्सिल्व्हेनिया
६ फेब्रुवारी १८०४

प्रिय युस्टिना,

प्रभूमध्ये सलाम. तुझं नाताळचं पत्र बंधू टोबियासने परवा आणून दिलं. पत्राबरोबर तुमच्या एलीमच्या बातम्याही दिल्या, मी न विचारता. कुणाच्या घरी पाळणा हलणार, कुणाची भट्टी तडकली, सगळं झालं. तो दोन गावांमधून गाडी हाकतो खरा, पण निम्मा माल तोंडातूनच उतरवतो.

आमच्या भगिनीगृहात नवा पियानो आलाय. बर्फावरून घसरगाडीने आणला. काही बंधू तो धरून होते आणि बाकीचे सूचना देत होते. मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर येत नाही, दमट हवेत तर बसूनच राहते. मी तिला टाळून वाजवते. शाळेतल्या मुलींना ते जमत नाही. त्या नेमक्या तिच्यावरच जाऊन अडकतात आणि हसत सुटतात, मग मी रागावल्यासारखं करते.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. मे महिन्यात आम्हा अविवाहित भगिनींचा सण असतो, त्यासाठी मी एक गीत रचलंय. दोन वरचे आवाज, दोन हॉर्न आणि पियानो. आमचा संगीताचा कारभार बंधू थिओबाल्ड बघतात, त्यांना दाखवलं. त्यांनी वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि एक जागा सुधारली. त्यांची पाठ वळल्यावर मी ती होती तशी करून टाकली. त्यांना कळलं असावं, पण त्यांनी ती तशीच राहू दिली.

आता त्याच्या नकला दुसऱ्या मंडळ्यांना जायच्या आहेत, तुमच्याकडेही. बंधूंच्या रचनांवर बंधूंचं नाव असतं. माझ्या नकलेवर लिहिलंय, ‘भगिनीगृहाकडून’. जणू आम्ही सगळ्यांनी मिळून पायमोजे विणून पाठवलेत.

युस्टिना, मी विचारलं. वडीलमंडळापुढे जाऊन आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, आणि मागताना माझे कान तापले. भगिनीचं नाव वर घातलं तर ती इतर भगिनींहून उंच होईल, असं काहींचं म्हणणं पडलं. बंधू उंच होत नाहीत का, हे मी विचारलं नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे प्रश्न चिठ्ठीला घातला. ‘हो’, ‘नाही’ आणि एक कोरी. कोरी निघाली. कोरी म्हणजे थांबा, आत्ता नको. मंडळातले सर्वांत म्हातारे बंधू अब्राहाम माझी समजूत काढायला म्हणाले, “अगं, प्रभूच्या घरी गेलेल्यांना गर्व कुठला? तू एकदा जा तर खरी, मग बघ, मोठ्या अक्षरांत लिहितो तुझं नाव!” सगळे हसले. मीही हसले. खोलीत आल्यावर मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचीही लाज वाटली.

तुला हसवायला एक सांगते. गेल्या आठवड्यात म्हातारे बंधू कास्पर वारले. ट्रॉम्बोनवाले खबर द्यायला छपरावर चढले. पहिली चाल ठीक वाजली. मधली चाल ऐकून गावाला कळायचं असतं की गेलेलं माणूस कुठल्या गटातलं, विवाहित बंधू की विधवा की कोण. तीच नेमकी थंडीत बोटं आखडून म्हण, की घाईत म्हण, वाजली विधवांची! विधवागृहातल्या सगळ्या जणी शाली सावरत अंगणात आल्या आणि एकमेकींना मोजत उभ्या राहिल्या.

तुझ्या गॉटफ्रीडला सलाम सांग.

तुझी,
रोझिना

*

एलीम, कॅरोलिना
२८ मार्च १८०४

प्रिय रोझिनाताई,

सलाम. तुझं पत्र आणि गीत एकाच गाडीतून आलं, पण गीत आधी माझ्या कानावर पडलं आणि पत्र नंतर हातात. तालमीला उभी होते. पियानो सुरू झाला, वरचे आवाज सुरू झाले, आणि शेवटचा तुकडा आला तशी मी मोठ्याने हसले. तो तुकडा तू तीनदा घेतेस. लहानपणी माझ्या आईपुढे सूपाचं वाडगं धरायचीस तस्संच. आणखी आहे का? थोडंसं? बरं, नसेल तर राहू दे. ताई, ते वाडगं मी कुठेही ओळखीन.

आता ऐक. आमचे गायनप्रमुख बंधू मेल्खियोर डोळे मिटून म्हणाले, “थिओबाल्डच! असा शेवट दुसऱ्या कुणाला सुचणार?”

मी म्हटलं, “बंधू, वर लिहिलंय भगिनीगृहाकडून.”

“हो ना, त्यांच्याकडून आलंय, मी कुठे नाही म्हणतोय? पण पोस्टातून आलेलं पत्र काय पोस्टमास्तरने लिहिलेलं असतं?”

सगळा पुरुषांचा बाक खिदळला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. गॉटफ्रीडने मागून माझी शाल ओढली. मग मेल्खियोरने शिसपेन्सिल काढली आणि वेष्टनावर लिहिलं, ‘थिओबाल्ड’, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. म्हणजे उद्या ते प्रश्नचिन्ह कुणीतरी पुसेल आणि तुझं गीत कायमचं त्यांचं होऊन बसेल. मला इतका राग आलाय की कालपासून मी भांडी आपटतेय, आणि कुंभाराच्या घरात ते परवडत नाही.

चिठ्ठीला मी नावं ठेवत नाही. मला गॉटफ्रीड चिठ्ठीनेच मिळाला. लग्नाआधी मी त्याला एकदा पाहिलं होतं, तेही पाठमोरं. वाईट निघाला नाही, फक्त बोलायचं काम त्याने सगळं माझ्यावर सोपवलंय. पण कोरी म्हणजे थांबा, तर कुठपर्यंत, हे तुमच्यात कुणी विचारलं का? तू एक ओळ लिही. मी इथे चौकात उभी राहून सांगते की हे माझ्या मावसबहिणीचं आहे.

पीच फुललेत. तुझ्यासाठी सुकवून ठेवीन.

तुझी,
युस्टिना

*

शारोन
२१ मे १८०४

प्रिय युस्टिना,

चौकात उभी राहू नकोस. थांबा म्हणजे थांबा. मी ते मान्य केलंय, आणि मान्य केल्यावर मागच्या दाराने तुझ्याकडून काम करून घेणं मला बरं दिसत नाही. थिओबाल्ड भले गृहस्थ आहेत. त्यांना या प्रश्नचिन्हाचं कळलं तर तेच अवघडतील.

सण चांगला झाला. पहाटे गाऊन उठवलं, मग कॉफी आणि गोड पाव, सगळ्यांच्या टोप्यांना नव्या गुलाबी फिती. दुपारी गीत झालं. त्या बसक्या पट्टीला गीतात एकदाच जागा दिली होती, तीही अगदी शेवटी, नाइलाज म्हणून. तिथे ती बसली ती बसलीच. कुणाला कळलं नाही. फक्त भगिनी बेनिग्ना, जिला ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही, ती म्हणाली, “शेवटी काहीतरी राहिलं गं तुझं.” माझी बोटं बघत होती म्हणे.

या बेनिग्नाची गंमतच आहे. आयुष्यभर मागावर बसली, आता खाटेवर आहे. रोज सकाळी आम्हा सगळ्यांचा निरोप घेते, “आज जाते गं बायांनो,” आणि दुपारी सफरचंदाचा मुरंबा मागते. तिची खाट माझ्या शेजारी आहे. मला जरा खोकला झालाय आणि आजाऱ्यांच्या खोलीत ऊन चांगलं येतं, म्हणून इकडे हलवलंय. दुसरं काही नाही. मुलींना सध्या भगिनी सालोमे शिकवते. ती त्या पट्टीवर मुलींपेक्षा जास्त अडकते.

मांडीवर वही ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय.

तुझी,
रोझिना

*

एलीम
५ ऑगस्ट १८०४

आदरणीय भगिनी आग्नेस,

तुम्ही शारोनच्या भगिनीगृहाच्या कारभारीण, म्हणून तुम्हाला लिहिते. तुमचं पत्र येईलच, पण मला थांबवत नाही. रोझिनाताई गेली ते आम्हाला टोबियासकडून कळलं. तो गाडीवरून उतरला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडून बातमी मला मागून घ्यावी लागली.

मग सांगितलं त्याने. “गाडी जुंपली होती. उजाडत होतं. छपरावर ट्रॉम्बोन सुरू झाले. मधली चाल अविवाहित भगिनींची, या वेळी अगदी स्वच्छ. आदल्या दिवशी डॉक्टर रोझिनाच्या खाटेपासून मान हलवत जाताना मी स्वतः पाहिले होते. आणखी विचारायचं काय? टोपी काढली आणि निघालो.” मला त्याच्यावर ओरडायचं होतं, थांबून नीट कळवायचं तरी! पण तो रडत होता.

खोकला म्हणाली होती. ऊन येतं म्हणून हलवलंय, म्हणाली होती. आणि मी ते खरं मानलं. तिचं वाकडं अक्षर समोर दिसत असून मानलं.

तिने स्वतःची जीवनकथा लिहून ठेवली असेल तर कृपा करून नक्कल पाठवा. ती येईपर्यंत इथल्या स्मरणसभेत रिवाजाप्रमाणे वाचायला काहीतरी हवं, म्हणून मी लिहिली. आईबापांवाचून आमच्या घरी वाढली ते लिहिलं. धुण्याच्या हौदाच्या काठावर हात ठेवून बोटं चालवायची, तेव्हा पियानो पाहिलाही नव्हता, ते लिहिलं. नम्र होती, सोशिक होती, असंही लिहिलं. आणि सूपाचं वाडगं लिहिलं.

सभेआधी मी गीताची नक्कल घेऊन बंधू मेल्खियोरकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, “बंधू, हे रोझिनाचं आहे. तिने मला बोलू दिलं नाही. शारोनच्या वडीलमंडळातच म्हणतात ना, गेलेल्यांना गर्व नसतो? मग लिहा आता.” मग पावाचा गर घेऊन त्यांनी ‘थिओबाल्ड’ पुसलं, प्रश्नचिन्हासकट, आणि शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘भगिनी रोझिना हायडेकर, शारोन’. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सभेत मी जीवनकथा वाचली, मग गीत झालं. शेवटचा तुकडा तिसऱ्यांदा आला तेव्हा सगळ्यांना वाडगं आठवलं. आधी कुणीतरी हसलं, आणि मग कुणालाच गाता येईना.

तिच्या पियानोची ती पट्टी कुणी दुरुस्त केली का?

आपली,
युस्टिना

*

शारोन
३ सप्टेंबर १८०४

प्रिय युस्टिना,

आग्नेसने तुझं पत्र उघडलं, वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, “हे तुझ्याबद्दल आहे, पण तुझ्यासाठी नाही.”

मी जिवंत आहे. हे अक्षर पाहून तुला कळलंच असेल, पण लिहिलेलं बरं. गेली ती बेनिग्ना. त्या दिवशीही “आज जाते” म्हणाली आणि आम्ही नेहमीसारखं “बरं” म्हटलं. तिच्यासाठी वाजलेल्या चालीवर टोबियासने माझ्यासाठी टोपी काढली. डॉक्टरांनी मान हलवली हे खरं आहे. मी त्यांना विचारलं होतं, उद्यापासून पियानो वाजवू का.

तुला कळवलं नाही याबद्दल रागाव. काही दिवस खरोखर वाईट गेले. कागदावर ते लिहिलं असतं तर मलाच भीती वाटली असती.

स्वतःची जीवनकथा वाचायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. चांगली लिहिली आहेस, हौदाचं तर मीही विसरले होते. पण नम्र आणि सोशिक हे कुणी सांगितलं तुला? थिओबाल्डना विचार. आग्नेस वाचताना त्या जागी थांबली आणि माझ्याकडे बघून पुढे गेली.

तू रडलीस, त्याचं मला वाईट वाटतं. आणि एक गोष्ट लपवत नाही. ‘शाईने, मोठ्या अक्षरांत’ ही ओळ मी आजारी बाईला शोभणार नाही इतक्या वेळा वाचली. मला आनंद झाला. गीत सणाला गायलं गेलं तेव्हाही एवढा झाला नव्हता. त्या दिवशी मी नुसती पियानोमागे बसले होते.

पण मी जिवंत आहे, म्हणजे नाव आता काढावंच लागणार. बंधू मेल्खियोरना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं.

तुझी,
रोझिना

*

एलीम
१४ ऑक्टोबर १८०४

ताई, ताई, ताई,

तुझं अक्षर पाहिलं आणि मी पत्र न उघडताच भट्टीकडे पळत गेले. गॉटफ्रीडने पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि हातातला घडा सोडून दिला. मग म्हणाला, “वा.” आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या मोठ्याने तो कधी बोलला नव्हता. टोबियास आता प्रत्येकाला सांगत फिरतोय की त्याने फक्त ट्रॉम्बोनचं सांगितलं, मेली असं म्हणालाच नाही.

आनंद झाला तो झाला. पुढचं ऐक आणि सावध हो.

रविवारी वडीलमंडळ बसलं. गायकांमधून मला बोलावलं होतं. एक म्हणाले, जिवंत भगिनीचं नाव वर राहणं बरं नाही, खरवडून टाका. चाकूसुद्धा टेबलावर आणून ठेवला होता. दुसरे म्हणाले, चिठ्ठीला घाला. मी म्हटलं, “शारोनमध्ये घातली होती, प्रभूने एकदा सांगितलंय थांबा. आता त्याला पुन्हा पुन्हा त्रास देता?” मग बंधू मेल्खियोर उठले. हो, तेच, पोस्टमास्तरवाले. म्हणाले, “मी एकदा चुकीचं नाव लिहिलं आणि ते पुसलं. आता बरोबर नाव खरवडायचं काम माझ्या हातून होणार नाही. दुसरा कुणी बघा.” माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथेच संपला.

पण मंडळाने शेवटी वाट काढली, आणि ती वाट म्हणजे सापळा आहे. ठरलं असं की तुलाच विचारायचं. तू ‘ठेवा’ म्हणालीस, तर गर्व सिद्ध झाला, म्हणून खरवडणार. ‘खरवडा’ म्हणालीस, तर नम्र भगिनीची इच्छा, म्हणून खरवडणार. मी हे तोंडावर बोलून दाखवलं. तर म्हणे, “भगिनी युस्टिना, तुम्ही फार पुढचं बघता.” मी दार आपटून घरी आले. नाताळच्या आत तुझं उत्तर मागितलंय, थेट मंडळाच्या नावाने. तोवर चाकू मेल्खियोरच्या कपाटात आहे. किल्ली हरवली म्हणून सांगतात.

मला सुचत नाहीये काही. ताई, जपून लिही.

तुझी,
युस्टिना

*

शारोन
१९ नोव्हेंबर १८०४

एलीमच्या आदरणीय वडीलमंडळास,

प्रभूमध्ये सलाम.

आपण मला विचारलंत, हा आपला मोठेपणा. पण हे उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

आपल्या मंडळीतून एक रोझिना हायडेकर गेल्या उन्हाळ्यात वारली. तिची जीवनकथा सभेत रीतसर वाचली गेली, तिच्यासाठी गीत गायलं गेलं, आणि त्यानंतर, गेलेल्यांना गर्व होत नाही या समजुतीने, तिचं नाव तिच्या रचनेवर लिहिलं गेलं. ती जीवनकथा मी वाचली आहे. त्यातली बाई नम्र आणि सोशिक होती. मला ओळखणारं इथलं कुणीही शपथेवर सांगेल की ती मी नव्हे.

मी इथे जिवंत आहे, मुलींना शिकवते आहे, आणि माझ्या नकलेवर आजही ‘भगिनीगृहाकडून’ एवढंच आहे. चिठ्ठीने मला थांबायला सांगितलं आणि मी थांबले आहे. आमचे बंधू अब्राहाम याची खात्री देतील. एलीममधल्या त्या मृत भगिनीचं नाव ठेवा किंवा खरवडा, असं मी कोणत्या नात्याने म्हणू? मेलेल्या माणसाच्या वस्तूंना हात लावणं आपल्यात बरं समजत नाहीत. त्यातून आपल्याला योग्य वाटेल ते आपण करालच.

एक मात्र कळवणं माझं कर्तव्य आहे. आपल्याकडच्या नकलेत तिसऱ्या ओळीत वरच्या आवाजाचा एक सूर चुकून खाली लिहिला गेला आहे. बंधू मेल्खियोरनी तो दुरुस्त करावा. ती भगिनी असल्या बाबतीत फार कटकटी होती, असं ऐकते.

पियानोची पट्टी आता दुरुस्त झाली आहे. त्यामुळे तिच्या मागे राहिलेली आणखी एक रचना मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून पाहता आली. दोन आवाज, पियानो, आणि या वेळी दोन ट्रॉम्बोन. नक्कल सोबत जोडली आहे. वेष्टन कोरं ठेवलं आहे. नाव आपल्याकडे माहीत आहेच.

आपली,
भगिनीगृहाकडून